ड्रुक पद्म कार्पो विद्यालय
लडाखमधील शे गावी असलेली, उष्णतेसाठी प्रामुख्याने सूर्यावर विसंबून बांधलेली निवासी शाळा. लेहपासून सु. १५ किमी.; उंची सु. ३,५०० मी. पाऊस वर्षाला सु. १०० मिमी. आणि हिवाळ्यातील तापमान −२०° से.च्याही खाली, अशा शीत वाळवंटात ती उभी आहे (पहा : लडाख).

द्रुक्पा बौद्ध परंपरेचे प्रमुख ग्यालवांग द्रुक्पा यांच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या या शाळेचा आराखडा अरूप असोसिएट्स या वास्तुरचना संस्थेने बौद्ध मंडलाच्या आधारे आखला. पहिला टप्पा २००१ मध्ये सुरू झाला.

वर्गांची मोठी तावदाने दक्षिणेहून पूर्वेकडे वळवली असून, त्यामुळे तास सुरू होण्यापूर्वीच खोल्यांत ऊब येते. वसतिगृहाची गरज याउलट रात्रीची. तेथे काचेमागील जाड, काळसर भिंत दिवसभर तापते आणि रात्री हळूहळू उष्णता आत सोडते (पहा : ट्राँब भिंत). भिंती बाहेरून ग्रॅनाइटच्या, आतून मातीच्या विटांच्या आहेत. मातीच्या जड छपराचा भार मात्र स्वतंत्र लाकडी सांगाडा पेलतो. भूकंपप्रवण प्रदेशात हा विशेष महत्त्वाचा (पहा : भूकंपरोधक बांधकाम). शौचालये बिनपाण्याची असून, उन्हाने तापलेल्या उभ्या धुराड्यातून दुर्गंधी वर ओढली जाते.

२००२ च्या जागतिक वास्तुकला पुरस्कारांत शाळेला तीन पुरस्कार मिळाले. ऑगस्ट २०१० च्या ढगफुटीतील चिखलाच्या लोंढ्याने आवाराचे नुकसान झाले. दुरुस्तीनंतर वर्ग पुन्हा सुरू झाले.