व्हिल्नाच्या घेटोतील शस्त्रे

१९४१ सालच्या डिसेंबरची ३१ तारीख. लिथुएनियातील व्हिल्ना शहरात जर्मन अंमलदार आणि सैनिक नववर्षाच्या स्वागतात दंग झाले होते. त्याच रात्री यहुद्यांच्या बंदिस्त वस्तीत, म्हणजे घेटोत, स्ट्राशुन रस्त्यावरील दोन क्रमांकाच्या घरात सुमारे दीडशे तरुण-तरुणी गुपचूप जमली. ती जागा गरिबांना सूप वाटण्याच्या अन्नछत्राची होती. पहारेकरी मद्याच्या धुंदीत असतील, आणि थोडा गलबला झालाच तरी तो नववर्षाचा समजला जाईल, हे ध्यानात घेऊनच ही रात्र निवडली होती. जमलेल्यांपुढे अब्बा कोव्हनर या तेवीस वर्षांच्या तरुण कवीने लिहिलेले एक पत्रक वाचले गेले.

पत्रकाचा आशय थोडक्यात असा होता : घेटोच्या दारातून ज्यांना नेले ते परत आलेले नाहीत आणि येणारही नाहीत. त्यांची वाट पोनारीला जाते, आणि पोनारी म्हणजे मृत्यू. हिटलरने युरोपातील सर्व यहुद्यांचा संहार करण्याचे ठरवले आहे. लिथुएनियाचा क्रम पहिला लागला, इतकेच. तेव्हा वधासाठी नेलेल्या मेंढरांप्रमाणे जायचे नाही, हाती शस्त्र घ्यायचे. मेंढरांची ही उपमा कोव्हनरची नव्हे. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात आणि स्तोत्रांत ती पूर्वीच आलेली आहे. परंतु पुढे जगाने ती ज्या अर्थाने वापरली, तो अर्थ त्या रात्री कोणाच्याही मनात नव्हता.

श्रोतेहो, या पत्रकाची तारीख ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बर्लिनजवळील वान्झे येथे नाझी अधिकाऱ्यांची जी कुप्रसिद्ध बैठक झाली, ती २० जानेवारी १९४२ रोजी, म्हणजे या रात्रीनंतर वीस दिवसांनी. घेटोत कोंडलेल्या एका तरुणाने हाती एकही सरकारी कागद नसताना केवळ आपल्या शहराच्या अनुभवावरून सगळ्या खंडाचे भवितव्य ताडले होते.

तो अनुभव काय होता? व्हिल्नाला यहुदी लोक लिथुएनियाचे यरुशलेम म्हणत. विद्यापीठे, ग्रंथालये, छापखाने आणि धर्मपंडित यांबद्दल त्या नगराची ख्याती होती. जर्मन सैन्य तेथे २४ जून १९४१ रोजी शिरले, तेव्हा शहरात पन्नास हजारांहून अधिक यहुदी होते. शहरापासून दहा किलोमीटरवर पोनारी हे झाडीचे ठिकाण आहे. पूर्वी लोक तेथे वनभोजनाला जात. सोव्हिएत अमलात तेथे इंधनाच्या टाक्यांसाठी मोठमोठे खड्डे खणलेले होते. त्या खड्ड्यांच्या काठावर उभे करून माणसांना गोळ्या घालण्यात येऊ लागल्या. हे काम जर्मनांच्या देखरेखीखाली बव्हंशी लिथुएनियन शिपायांची एक तुकडी करी. वर्ष संपता संपता घेटोत सुमारे वीस हजार माणसे उरली होती. प्रेतांखालून निसटून जखमी अवस्थेत परतलेल्या काही स्त्रियांनी घडलेले सांगितले. तरी पुष्कळांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. माणसाने माणसाला कामासाठी नेले असे म्हणणे समजण्यासारखे होते. सहा वर्षांच्या मुलाला ठार मारण्यासाठी नेले, हे समजण्यासारखे नव्हते.

त्या दिवसांत कोव्हनर आणि त्याचे काही सोबती शहराबाहेरच्या एका लहानशा डोमिनिकन मठात लपून राहत होते. मठाच्या प्रमुख मदर बर्ट्रांडा या पोलिश बाई चाळिशीच्या आतबाहेरच्या. मठाच्या कुंपणात परपुरुषांना ठेवणे नियमाबाहेरचे, आणि यहुद्यांना आसरा देणे तर देहदंडाचे. त्यांनी दोन्ही केले. मठातील एका खोलीत बसूनच कोव्हनरने पत्रकाची जुळवाजुळव केली. तो घेटोत परत गेल्यावर या बाई स्वतः घेटोच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. आपल्यालाही आत येऊन तुमच्याबरोबर राहायचे आहे, असे म्हणू लागल्या. कोव्हनरने त्यांना परतवले. बाहेर राहून शस्त्रे मिळवा, असे सांगितले. घेटोत पहिले हातबाँब पोचले ते त्यांच्या हातून, असे कोव्हनर पुढे सांगत असे. १९४३ साली जर्मनांनी बाईंना पकडून श्रमछावणीत धाडले. १९८४ साली वॉर्सा येथे यरुशलेमच्या याद व्हाशेम संस्थेचे सन्मानपदक त्यांना देण्यासाठी कोव्हनरच गेला होता.

संघटनेची स्थापना २१ जानेवारी १९४२ रोजी झाली. 'संयुक्त पार्टिझन संघटना' हे तिचे नाव. त्यातला 'संयुक्त' हा शब्द वरवर घेऊन चालणार नाही. युद्धापूर्वी कम्युनिस्ट, डावे झायोनिस्ट, उजवे बेतारवाले आणि झायोनिझमला विरोध करणारे बुंद या समाजवादी पक्षाचे लोक एकमेकांचे तोंड पाहत नसत. ते येथे एका सेनापतीखाली आले. सेनापती होता कम्युनिस्ट इत्झिक व्हिटेनबर्ग. त्याचे सहकारी कोव्हनर आणि योसेफ ग्लाझमन. सदस्य सुमारे तीनशे. जर्मनांच्या शस्त्रागारात कामाला लावलेले यहुदी मजूर पिस्तुलांचे सुटे भाग अंगावर लपवून आणीत. काही शस्त्रे भुयारी गटारांतून आली. ग्रंथांची लूट करण्यासाठी जर्मनांनी ज्या विद्वानांना व कवींना राबवले, त्यांनी दुर्मीळ पुस्तके लपवता लपवता शस्त्रेही लपवली. स्ट्राशुन रस्त्यावर सहा क्रमांकाच्या घरात घेटोचे ग्रंथालय होते. १९४२ च्या डिसेंबरात एक लाखावे पुस्तक वाचकाच्या हाती गेले म्हणून तेथे समारंभ झाला. त्याच घरात संघटनेचा शस्त्रसाठाही होता. हा रस्ता ज्याच्या नावाचा, तो मतित्याहू स्ट्राशुन एकोणिसाव्या शतकातील मोठा ग्रंथसंग्राहक होता!

१९४२ च्या उन्हाळ्यात विटका केम्पनर ही बावीस वर्षांची तरुणी दोन सोबत्यांसह रात्री घेटोबाहेर पडली आणि घरीच बनवलेला सुरुंग तिने लोहमार्गावर पेरला. जर्मनांची गाडी उडाली. सकाळी ती मजुरांच्या घोळक्यातून परतही आली.

वॉर्साच्या घेटोतील एप्रिल १९४३ चा उठाव जगाला ठाऊक आहे. व्हिल्नाची हकीकत तितकी ठाऊक नाही, कारण तेथे तसा उठाव झालाच नाही. तो का झाला नाही, हे समजण्यासाठी १६ जुलै १९४३ या दिवसाकडे पाहिले पाहिजे.

घेटोचा कारभार याकोब गेन्स नावाच्या यहुदी प्रमुखाकडे होता. तो पूर्वी लिथुएनियन सैन्यात अधिकारी होता. जर्मनांना आपल्या श्रमाची गरज आहे तोवर ते आपल्याला जगू देतील, तेव्हा थोड्यांचा बळी देऊन पुष्कळांना वाचवावे, हे त्याचे धोरण. त्यापायी १९४२ च्या शरद ऋतूत ओश्म्याना गावी त्याच्या पोलिसांनी चारशेहून अधिक वृद्ध माणसे स्वतः निवडून मारेकऱ्यांच्या हवाली केली होती. गेन्सला खलपुरुष ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्याची पत्नी ख्रिस्ती लिथुएनियन होती, ती शहरात राही, आणि मनात आणले असते तर त्याला बाहेर लपता आले असते. तो घेटोतच राहिला, आणि १४ सप्टेंबर १९४३ रोजी गेस्टापोने त्याला गोळी घातली.

शहरातील एका कम्युनिस्ट कार्यकर्त्याचा छळ करून गेस्टापोने व्हिटेनबर्गचे नाव काढून घेतले. १५ जुलैच्या रात्री गेन्सने संघटनेच्या प्रमुखांना बोलणी करण्यासाठी म्हणून आपल्याकडे बोलावले, आणि तेथेच व्हिटेनबर्गला अटक झाली. त्याला नेत असता संघटनेच्या तरुणांनी झडप घालून त्याला सोडवले. मग निरोप आला : व्हिटेनबर्ग जिवंत ताब्यात द्या, नाहीतर सर्व घेटो नष्ट करू.

त्या रात्री घेटोत कोणी झोपले नाही. एका माणसासाठी वीस हजारांनी मरायचे काय, हा प्रश्न गेन्सच्या माणसांनी घरोघर पोचवला. लोक रस्त्यावर आले. हातात दगड होते, काठ्या होत्या. ज्यांच्या रक्षणासाठी शस्त्रे जमवली होती, तेच लोक आता शस्त्रधाऱ्यांवर चालून येऊ लागले. त्यांत कोणाची आई होती, कोणाची बहीण. संघटनेचे तरुण मोर्चे धरून तयार होते. परंतु पहिली गोळी जर्मनांवर नव्हे, आपल्याच माणसांवर झाडावी लागणार हे त्यांना दिसत होते. अखेर व्हिटेनबर्गच्या स्वतःच्या पक्षबंधूंनीच त्याला जाण्यास सांगितले. तो सहजासहजी कबूल झाला नाही. मग त्याने आपले पिस्तूल कोव्हनरच्या हाती दिले, सेनापतिपद त्याच्याकडे सोपवले, आणि घेटोच्या दाराकडे चालत गेला. दुसऱ्या दिवशी तो गेस्टापोच्या कोठडीत मरण पावला; त्याने विष घेतले, असे मानले जाते.

या निर्णयावर पुढे अनेकांनी टीका केली, आणि तिचे उत्तर देणे कठीण आहे. सेनापतीला शत्रूच्या स्वाधीन करणारी सेना ती कसली? परंतु त्या सकाळी गोळी झाडली असती तर ती सेना कोणाची म्हणवली असती, हेही विचारावे लागते.

त्यानंतर आठवडाभरात ग्लाझमन एकवीस जणांना घेऊन जंगलाकडे निघाला. वाटेत एका पुलापाशी जर्मनांनी गाठले. नऊ जण पडले. मेलेल्यांची ओळख पटताच त्यांचे घेटोतील नातलग पकडून पोनारीला नेले, आणि एक जण पळाला तरी त्याच्या सगळ्या कामगार टोळीला शिक्षा, असा हुकूम सुटला. पळून जाणाऱ्याला मागे कोणाला मारून जातो हे आता नावानिशी ठाऊक असे.

१ सप्टेंबरला जर्मनांनी घेटो वेढला. एस्टोनियातील छावण्यांसाठी माणसे हवी होती. संघटनेने सर्वांना शस्त्र घेण्याचे आवाहन केले. परंतु तिची सुमारे शंभर जणांची एक तुकडी शस्त्रे हाती येण्यापूर्वीच कोंडली गेली. उरलेल्यांनी स्ट्राशुन रस्त्यावर मोर्चे बांधले. बारा क्रमांकाच्या घरातून येखियेल शाइनबाउम आणि त्याच्या सोबत्यांनी गोळीबार केला. त्यात तो पडला, आणि जर्मनांनी ते घर सुरुंगाने उडवले. मोर्च्यावर कोव्हनरची आई त्याला शोधत आली आणि आपण काय करावे, असे तिने विचारले. सेनापती असलेल्या मुलाकडे उत्तर नव्हते. पुढे ती पोनारीला मारली गेली, आणि आपण आईला टाकून गेलेला मुलगा आहोत की काय, हा सल कोव्हनरने उतारवयात स्वतःच बोलून दाखवला.

लोक लढायला आले नाहीत. त्यांना भेकड म्हणता येत नाही, कारण त्यांचा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. एस्टोनियातील छावण्या खरोखरच होत्या, आणि तेथे नेलेल्यांना लगेच मारले गेले नाही. परंतु पुढे १९ सप्टेंबर १९४४ रोजी, सोव्हिएत सैन्य जवळ आले असता, क्लोगा येथील छावणीत सुमारे दोन हजार कैद्यांना ठार करण्यात आले. १९४३ च्या सप्टेंबरात हे कोणी जाणावे?

२३ सप्टेंबरला घेटो रिकामा करण्यात आला. त्या दिवशी संघटनेचे उरलेले लोक भुयारी गटारांतून वाकत, घसरत बाहेर पडले. बुंदचा पुढारी आब्राहाम ख्वॉयनिक आणि त्याचे काही सोबती शहरातच पकडले जाऊन फासावर गेले. बाकीच्यांनी दक्षिणेकडील रुदनिकी जंगल गाठले. तेथे चार यहुदी तुकड्या उभ्या राहिल्या. त्यांनी लोहमार्ग आणि पूल उडवले, तारा तोडल्या. जंगलातील जिणे काही वीरकाव्य नव्हते. अन्न आसपासच्या गावांतून बंदुकीच्या धाकाने आणावे लागे, आणि १९४४ च्या जानेवारीत सोव्हिएत पार्टिझनांनी कोन्युखी गावावर जो हल्ला करून गावकऱ्यांना मारले, त्यात यहुदी पार्टिझनही सामील होते. जुलै १९४४ मध्ये सोव्हिएत सैन्याने व्हिल्ना घेतले, तेव्हा हे तरुण आपल्या शहरात परतले. घेटोत कोणी नव्हते. युद्ध संपल्यावर जर्मनांवर सूड घेण्याचा एक भयंकर बेत कोव्हनरने आखला; त्यासाठी विष घेऊन येत असता ब्रिटिशांनी त्याला जहाजावर अटक केली, आणि तो बेत फसला हे बरेच झाले.

१९६१ साली यरुशलेममध्ये आइखमनवर खटला चालला, तेव्हा कोव्हनर साक्षीला उभा राहिला. इतक्या लोकांनी उठाव का केला नाही, हा प्रश्न त्या न्यायालयात वारंवार डोकावत होता. बाहेर तर मेंढरांची ती उपमाच मेलेल्यांवर आरोप म्हणून फेकली जात होती. कोव्हनरने स्वतःच हा विषय काढला. या प्रश्नात आरोपाची छटा जरी असली तरी लढलेला यहुदी म्हणून आपला तिला सर्व शक्तीनिशी विरोध आहे, असे त्याने सांगितले. जिच्यामागे ना राज्य, ना हुकमत, अशी लढाऊ संघटना निराशेने मोडलेल्या माणसांतून उभी राहते कशी, हे त्याने न्यायाधीशांना समजावले. बहुसंख्य लोक उठले नाहीत यात नवल नाही. ते पत्रक खरे मानून काही थोडे उठले, नवल त्याचे वाटावे, असे त्याचे म्हणणे होते.