नदी उद्यापासून बंद

शेफील्डला आल्यानंतरच्या पहिल्याच मार्चमध्ये डॉन नदीच्या काठावर गळ टाकून बसलो होतो. शेजारचे एक आजोबा सामान आवरता आवरता म्हणाले, "उद्यापासून नदी बंद बरं का." मला वाटलं, पुलाचं काहीतरी काम निघालं असेल. तारीख होती १४ मार्च. त्यांनी मला नदी पुन्हा कधी उघडते तेही सांगितलं: १६ जून.

नदीला पोस्ट ऑफिससारखी उघडायची-मिटायची वेळ असते, हे मला नवीन होतं. घरी येऊन शोधायला लागलो आणि थेट १८७८ सालात पोचलो.

इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यातल्या माशांची वर्णव्यवस्था आहे. सामन आणि ट्राउट हे खानदानी मासे, बाकी सगळे 'कोर्स', म्हणजे जाडेभरडे: रोच, ब्रीम, टेंच, बार्बेल, पाइक. जमीनदारांच्या सामनला १८६१ च्या कायद्याने संरक्षण दिलं. जाडेभरडे मासे मात्र वाऱ्यावर होते, आणि ते पकडणारी माणसंही त्याच थरातली होती. शेफील्डचे चाकू-सुऱ्या घडवणारे, भट्टीवर राबणारे कामगार हे त्यातलेच. कारखान्यांच्या घाणीने त्यांची स्वतःची डॉन पार नासली होती. सुट्टीच्या दिवशी स्वस्तातल्या आगगाडीने ते लिंकनशायरच्या नद्या-कालव्यांवर जात. दारूच्या गुत्त्यागुत्त्यात त्यांचे अँगलिंग क्लब होते, बक्षिसांच्या स्पर्धा होत्या. अंडी घालायच्या दिवसांत पोटुशा माश्या ढिगाने बाहेर काढल्या तर पुढच्या वर्षी गळाला काय लागणार, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती.

त्यांचे खासदार होते अँथनी जॉन मंडेला. (दक्षिण आफ्रिकेतल्या मंडेलांशी काही संबंध नाही, मीही आधी तेच शोधलं.) वडील इटलीहून आलेले निर्वासित, स्वतः मोजे विणण्याच्या धंद्यात वर आलेले. १८८० साली इंग्लंडमध्ये मुलांना शाळेत जाणं सक्तीचं करणारा कायदा आला, त्यामागेही हेच गृहस्थ. त्याआधी दोन वर्षं त्यांनी गोड्या पाण्यातल्या माशांचा कायदा करून घेतला. त्याला आजही मंडेला कायदा म्हणतात. त्यातला गाभा एका ओळीत मावतो: १५ मार्च ते १५ जून जाडेभरडे मासे धरायचे नाहीत.

आता गंमत बघा. शास्त्र म्हणून हा नियम तसा कच्चा आहे. पाइक लवकर, मार्च-एप्रिलमध्येच अंडी घालतो. टेंच पाणी चांगलं तापायची वाट बघते, कधी जून-जुलै उजाडतो. म्हणजे नदी उघडते तेव्हा काही माशांचं बाळंतपण चालूच असतं. प्रत्येक जातीला, प्रत्येक नदीला वेगळी तारीख दिली असती तर ते जास्त बरोबर झालं असतं. पण बारा तास भट्टीसमोर उभं राहून आलेल्या माणसाने ते कोष्टक खिशात घेऊन फिरायचं का? आणि चुकला तर त्याला दंड परवडणार होता का? एक तारीख सगळ्यांच्या तोंडी बसली. मला तरी हा नियम कामगारांच्या बाजूने केलेला वाटतो, थोडा चुकीचा असूनही.

पुढे सरकारी खात्यांनी गुंता वाढवला तो परवान्याच्या बाजूने. १९७० च्या दशकात इंग्लंड-वेल्समध्ये दहा प्रादेशिक जल प्राधिकरणं झाली आणि ज्याच्या त्याच्या हद्दीत ज्याचा त्याचा परवाना. सुट्टीत दुसऱ्या प्रांतात गेलात की पुन्हा पैसे. १९८९ साली पाण्याचं खासगीकरण झालं, नद्यांची राखण राष्ट्रीय नदी प्राधिकरणाकडे आली आणि १९९२ पासून सगळीकडे एकच रॉड लायसन्स चालू लागलं. तरी एक खोच राहिलीच. वर्ष ३१ मार्चला संपायचं. फेब्रुवारीत परवाना काढणारा महिन्याभरात कोरडा. ती खोच २०१७ साली निघाली: काढल्या दिवसापासून बारा महिने. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांना परवाना फुकट, त्याहून लहानांना लागतच नाही. मी माझा बसमध्ये, फोनवर काढला. पाण्याच्या मालकाची किंवा क्लबची परवानगी मात्र वेगळी घ्यावी लागते. ती भानगड अजून कुणी सोपी केलेली नाही.

त्या एका तारखेला मात्र सोपेपणाच्याच नावाखाली भोकं पडली. १९९५ मध्ये बहुतेक तळी बंदीतून सुटली. तिथले मासे बऱ्याचदा मालकानेच आणून सोडलेले, मग मालकाने ठरवावं, हा युक्तिवाद. २००० मध्ये बहुतेक कालवे सुटले. शेफील्डमध्ये टिन्स्लीकडे जाणारा कालवा बराच वेळ डॉनच्या सोबतीने चालतो. एप्रिलमध्ये कालव्यावर रोच धरला तर चालतं, पलीकडच्या नदीत धरला तर गुन्हा. शिवाय मार्चअखेर त्याच नदीत ट्राउटचा हंगाम सुरू होतो. खानदानी मासा उघडा, गरीब मासा बंद. प्रत्येक सवलत एकेकटी बघितली तर शहाणपणाचीच वाटते. सगळ्या मिळून आजोबांची ती एक ओळ मोडून टाकतात.

२०१९ मध्ये पर्यावरण खात्याने लोकांना विचारलं, नद्यांवरची बंदी ठेवायची की काढायची? पुष्कळ वाद झाला. शेवटी ठेवली.

हे सगळं मी मामाला फोनवर सांगितलं. मामा संगमेश्वरजवळ राहतो. लहानपणी पहिल्या पावसात तो मला रात्री बॅटरी घेऊन वहाळावर न्यायचा. लाल पाण्याच्या उलट्या दिशेने, ओढ्यातून थेट भाताच्या खाचरात चढणारे मासे. चढणीचे मासे, रायगडकडे वलगणीचे म्हणतात. काठी, कोयता, जाळं, हातात येईल ते. पोट चिरलं की आत गच्च गाभोळी. त्या गाभोळीसाठीच तर सगळी धडपड, आणि ती खाताना मला कधी काही वाटलं नव्हतं.

इंग्रजांनी आपल्याकडे १८९७ साली जो मत्स्य कायदा केला तो जेमतेम सात कलमांचा. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारायचे नाहीत, एवढं त्यांनी स्वतः लिहिलं. कुठल्या पाण्यात कधी बंदी, ते ज्या त्या प्रांताने ठरवावं म्हणून सोडून दिलं. मामाच्या वहाळापर्यंत त्यातली एकही तारीख पोचल्याचं त्याला आठवत नाही.

यंदा १५ जूनच्या रात्री मी डॉनच्या काठावर बारा वाजायची वाट बघत बसलो होतो. पाचसहा जण आणखी होते, थर्मास घेऊन. इतक्यात मामाचा फोन. तिकडे पहाट होत आली होती, मागे पावसाचा आवाज.

"चढण लागली रे," तो म्हणाला. "तुझी नदी उघडली का?"

"अजून वीस मिनिटं."

"म्हणजे तिकडच्यांची अंडी घालून झाली?"

"बहुतेकांची."

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी आज नुसता बघायला आलोय. जाळं घरीच आहे." आणि लगेच, "उद्याचं मात्र सांगत नाही."