खरवडून आलेली चमक

१९८०च्या आसपासची, वर्षानुवर्षे उन्हात उभी राहून विटलेली लाल प्रीमियर पद्मिनी घासायला घेतली की फडकं लाल होतं. आजकालची लाल गाडी घासा, फडकं मळेल, पण सहसा लाल होणार नाही. या एका फरकामागे शंभर वर्षांचं रसायनशास्त्र आहे, आणि पॉलिशचा सगळा इतिहास त्याच्याच मागे मागे चालत आलेला आहे. रंग बदलला की पॉलिश बदललं; पॉलिशवाल्यांनी स्वतःहून फारसं काही ठरवलं नाही.

आधी एक गैरसमज बाजूला करू. पॉलिश म्हणजे गाडीवर काहीतरी चढवणं, असं बहुतेकांना वाटतं. चढतं ते वॅक्स. पॉलिश उतरवतं. वरचा मेलेला, खरखरीत झालेला थर झिजवून खालचा सपाट केला की प्रकाश विखरायचा थांबतो आणि त्यालाच आपण चमक म्हणतो. म्हणजे प्रत्येक पॉलिशगणिक गाडीवरचा रंग थोडा कमी होतो.

ही झिजवण्याची कला मोटारीपेक्षा फार जुनी. जपानमध्ये उरुशी या झाडाच्या चिकाचे थर चढवताना ते कोळशाने पाण्यात घासत आणि शेवटी हरणाच्या शिंगाची जाळून केलेली पूड तेलात घेऊन तळहाताने चोळत. सतराव्या शतकात या वस्तू युरोपात पोहोचल्या आणि तिथल्या कारागिरांना त्यांचं वेडच लागलं. ते झाड युरोपात नव्हतं, म्हणून मग नकला सुरू झाल्या. १६८८ साली इंग्लंडमध्ये स्टॉकर आणि पार्कर या दोघांनी या नकलेवर सबंध ग्रंथ काढला. व्हार्निश किती द्यायचं याच्याइतकंच, ते ट्रिपोली नावाच्या मऊ मातीने कसं घासायचं, यालाही त्यात महत्त्व आहे. पुढे पॅरिसच्या मार्टिन बंधूंनी अशाच व्हार्निशवर नाव कमावलं आणि पालख्या, घोडागाड्या त्याने चमकू लागल्या.

घोडागाडीचा रंगारी हा मोटारीच्या रंगाऱ्याचा खरा पूर्वज. लंडनच्या लाँग एकर रस्त्यावर गाड्या बनवणाऱ्यांच्या पेढ्यांची रांगच होती. तिथे एका गाडीवर रंग आणि व्हार्निशचे मिळून पंधरा-वीस हात सहज होत, आणि जवसाच्या तेलातला प्रत्येक हात वाळायला दिवस लागत. मधल्या हातांना प्युमिसची, म्हणजे ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाची, पूड आणि पाणी घेऊन नमद्याने घासत. शेवटचा हात मात्र न घासता तसाच सोडत. त्याची चमक ब्रश मारणाऱ्याच्या हातावर अवलंबून. व्हार्निशातली राळ चांगली हवी असेल तर झांझिबारच्या किनाऱ्यावर जमिनीतून खणून काढलेला कोपल लागे. एकोणिसाव्या शतकात त्यातला काही माल मुंबई बंदरातून युरोपला जाई. गाडी वापरात आल्यावर मात्र तिला घासणं निषिद्ध होतं. भरपूर पाण्याने धुवायची, ओल टिपून घ्यायची आणि तबेल्यापासून दूर ठेवायची, कारण घोड्यांच्या मुताचा अमोनिया व्हार्निश खातो. चमक गेली की नवं व्हार्निश.

पहिल्या मोटारींनी ही सगळी पद्धत जशीच्या तशी उचलली आणि लवकरच त्या तिच्यात अडकल्या. जुळणीची साखळी दिवसाला शेकडो गाड्या बाहेर काढू लागली, आणि रंगवलेले सांगाडे वाळण्याची वाट बघत गोदामांत आठवडेच्या आठवडे पडून राहू लागले. फोर्डने डांबरी राळेचं, ‘जपान’ म्हटलं जाणारं काळं व्हार्निश भट्टीत भाजून वेळ वाचवला. १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी फक्त काळीच मिळे. जनरल मोटर्सला मात्र रंगीत गाड्या विकायच्या होत्या.

सुटका झाली ती स्फोटकाच्या घराण्यातून. कापसाला नायट्रिक आम्लाची जोड दिली की बंदुकीचा कापूस तयार होतो, हे १८४६ साली श्योनबाइनने दाखवलं होतं. त्याच नायट्रोसेल्युलोजपासून पुढे फिल्म बनली, नेलपॉलिश बनलं. रंग म्हणून त्याची अडचण एकच होती. द्रावण इतकं घट्ट होई की फवारण्याजोगं पातळ करावं तर त्यात घन पदार्थ उरतच नसे. १९२०च्या उन्हाळ्यात ड्यू पाँट या रसायन कंपनीच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात एक पिंप काही दिवस तसंच राहून गेलं आणि आतला माल अनपेक्षितपणे पातळ झालेला निघाला. एडमंड फ्लॅहर्टी या तिथल्या रसायनतज्ज्ञाने त्याचा पाठपुरावा केला. त्यातून आलेल्या ड्युको या लॅकरने १९२३ साली जनरल मोटर्सच्या ओकलंड कंपनीच्या निळ्या गाड्या रंगल्या आणि आठवड्यांचं काम दिवसांवर आलं. फवारायला बंदूक तयारच होती: टोलेडोच्या डॉक्टर डेव्हिलबिस यांनी घशात औषध फवारण्यासाठी उपकरण काढलं होतं, त्यांच्या मुलाने तेच तंत्र रंगाकडे वळवलं. आपल्याकडे सुतार आजही कपाटाला ‘ड्युको मारू का’ विचारतो, आणि गॅरेजमधल्या डब्यांवर ‘एनसी पुटी’, ‘एनसी थिनर’ असतं. ते एनसी म्हणजे हेच नायट्रोसेल्युलोज.

पण ड्युकोने एक नवीच सवय लावली. तेलाचं व्हार्निश स्वतःच पसरून आरशासारखं होतं. लॅकर बंदुकीतून निघतानाच वाळू लागतं, म्हणून ते मंद आणि खडबडीत बसतं. चमक हवी तर घासावंच लागतं. म्हणजे घोडागाडीत जे मधल्या हातांचं काम होतं, ते आता शेवटचं आणि अनिवार्य काम झालं. रबिंग कंपाउंड नावाची चीज जन्मली ती इथे, मालकाच्या अंगणात नव्हे, कारखान्याच्या साखळीवर. वर हे लॅकर उन्हात खडूसारखं पांढरं पडायचं. ड्यू पाँटने त्यावरही उपाय विकायला काढला: सात नंबरचं ड्युको पॉलिश. रोग आणि औषध एकाच दुकानात! धंद्याची ही युक्ती पाहून दाद द्यावी की चिडावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

याच काळात कागदही बदलला. फिलाडेल्फियातल्या फ्रान्सिस ओकी नावाच्या शाईवाल्याने पाण्यात न विरघळणारा सँडपेपर तयार केला होता. १९२१मध्ये थ्रीएमने तो बाजारात आणला आणि मोटार रंगवणाऱ्यांनी तो उचलून धरला. कोरड्या घासण्यातली धूळ, तीही शिसं असलेल्या रंगाची, कामगारांच्या छातीत जायची. पाण्याने ती जागच्या जागी बसली. आपल्या गॅरेजमधला वॉटर पेपर तो हाच. तो कागद पोहोचवायला रिचर्ड ड्रू हा थ्रीएमचा तरुण कर्मचारी एका रंगकामाच्या दुकानात गेला होता. दोन रंगी गाडीवर चिकटवलेला कागद काढताना रंगही निघून आल्यामुळे तिथला रंगारी शिव्या देत होता. ड्रू परत आला तो कामाला लागूनच, आणि १९२५मध्ये मास्किंग टेप आली.

वॅक्सची वंशावळ वेगळी, ती फर्निचरकडून आली. फ्रँक मेग्वायर यांनी १९०१ साली इंडियानात आपल्या गॅरेजमध्ये फर्निचर पॉलिश घोटायला सुरुवात केली. पत्र्यापेक्षा लाकडाच्या गाड्यांच्या त्या काळात गाडी आणि कपाट यांत फरक फारसा नव्हताच. सिमोनाइझवाल्यांनी दोन डबे विकले, एक आधी साफ करायचा, दुसरा मेणाचा, आणि ही दोन पायऱ्यांची शिस्त अमेरिकन मालकाच्या रविवारात रुजवली. शिकागोच्या बेन हर्ष यांची गोष्ट मला सर्वांत आवडते. त्यांच्या मेणाला टर्टल वॅक्स हे नाव मिळण्याआधीच्या दिवसांत ते उभ्या गाडीचं एकच मडगार्ड चमकवून मालकाची वाट बघत थांबत. अर्धी चमकणारी गाडी घेऊन कोण घरी जाईल? या मेणांतलं श्रेष्ठ मेण म्हणजे ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या प्रदेशातल्या ताडाचं कार्नोबा. पानातलं पाणी उडू नये म्हणून झाड ते अंगावर चढवतं; पानं वाळवून झोडपली की ते सुटतं, आणि ऐंशी अंशांच्या पुढे गेल्याशिवाय वितळत नाही.

मधल्या काळात इनॅमल आलं, अ‍ॅक्रिलिक आलं. जनरल मोटर्सने तर भट्टीत लॅकर पुन्हा वितळवून घासण्याचं काम टाळण्याची सोय केली. मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि मग पद्मिनी बाहेर पडत राहिल्या, एकाच थराच्या रंगात. अशा रंगात रंगद्रव्य पार वरपर्यंत असतं. सूर्यकिरणांनी भोवतालची राळ तुटली की द्रव्याचे कण सुटे होऊन पृष्ठभागावर पडतात. तोच तो खडू, आणि फडक्यावर येणारा लाल तोच. आपल्याकडे मात्र पॉलिश ही स्वतंत्र कला कधी झालीच नाही. टॅक्सी पासिंगला न्यायची म्हणजे लांबी भरून, रबिंग करून सरळ रंगच मारायचा. मजुरी स्वस्त, रंगही हाताशी. जुना रंग वाचवावा असं कुणाला वाटावं इतका तो दुर्मीळ नव्हता. २०२३च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली तोवर मूळ कारखान्यातला रंग अंगावर असलेली पद्मिनी शोधावी लागत होती.

अशी एखादी सापडलीच तर ती घासण्यापेक्षा मुरवावी लागते. वाळून कोरड्या पडलेल्या एकेरी रंगावर आधी तेलकट ग्लेझ सढळ हाताने चोळतात, रात्रभर राहू देतात, पुसून पुन्हा लावतात. रंगाची खोली बरीचशी इथेच परत येते, आणि मग जे थोडं झिजवायचं ते झिजवतात. बॉनेटच्या कडा आणि दारांवरच्या उठावाच्या रेषा यांना हातही लावत नाहीत, कारण तिथे रंग मुळातच पातळ बसलेला असतो आणि खालचा प्रायमर डोकावायला दोन फेऱ्या पुरतात.

१९७०च्या दशकात युरोपात आणि नंतरच्या दशकात अमेरिकेत क्लिअर कोट सर्वत्र झाला. रंगाचा पातळ थर खाली आणि त्यावर बिनरंगी लॅकर. फडकं लाल व्हायचं थांबलं ते तेव्हा. जुन्या जाड कंपाउंडने हा नवा थर घासला तर त्यावर गोल ओरखड्यांचं कोळिष्टक उमटू लागलं, आणि एका पिढीचे पॉलिशवाले हवालदिल झाले. खरं तर ते ओरखडे गोल नसतातच. ते सगळ्या दिशांना गेलेले असतात. पण सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती ज्यांचा कोन जुळतो तेवढेच चकाकतात, म्हणून वर्तुळ दिसतं. आपल्या सोसायट्यांमध्ये हे कोळिष्टक रोज सकाळी नेमाने विणलं जातं. एकच बादली, एकच फडकं, वीस गाड्या. बॉनेटवरची धूळ म्हणजे बारीक वाळू, आणि ती क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. वर धुळीवरच कव्हर ओढलं की उरलेलं काम वारा करतो.

या थराची जाडी साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. त्यातलेही सगळे खर्च करता येत नाहीत, कारण ऊन रोखणारी द्रव्यं त्याच थरात आहेत. थर फार पातळ झाला की तो सोलून निघतो, पांढरे पापुद्रे सुटतात, आणि तिथे कुठलंच पॉलिश चालत नाही. पुन्हा रंगवणं एवढंच उरतं. म्हणून नव्या काळाची हत्यारं सगळी सावध आहेत. जपानमधून आलेली क्लेची वडी रुतून बसलेले लोखंडाचे कण उचलते, म्हणजे घासायची गरजच कमी होते. एकाच अक्षावर गरगरणाऱ्या बफची जागा वेडीवाकडी फिरणाऱ्या यंत्राने घेतली. ते एका जागी तापत नाही. आणि जाडी मोजणारा गेज. पूर्वी जुनी गाडी घेणारा खिशात लोहचुंबक ठेवून लांबी कुठे भरली आहे ते तपासायचा. आता तीच शंका आकड्यांत विचारली जाते.

जुन्या गाड्यांच्या दुनियेत तर वारा उलटाच फिरला आहे. १९५०पासून कॅलिफोर्नियात भरणाऱ्या पेबल बीचच्या स्पर्धेत दशकानुदशकं नव्याहून नवी दिसणारी गाडी जिंकत आली. पुढे, पुन्हा न रंगवलेल्या, जुन्याच अंगाने आलेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग काढावा लागला. विटलेला पण मूळचा रंग हा आता पुरावा मानला जातो. मला हे पटतं, मात्र एका अटीवर: खडू झालेला थर तसाच ठेवणं म्हणजे जतन नव्हे, ती पुढची झीज चालू ठेवणं आहे.

पुण्या-मुंबईतल्या डिटेलिंगच्या दुकानांत सध्या जोर आहे तो सिरॅमिक कोटिंगचा. काचेच्या घराण्यातला हा थर पाणी छान झटकतो आणि मेणापेक्षा कितीतरी जास्त टिकतो, यात शंका नाही. पण तो पारदर्शक असतो, खालचं कोळिष्टकही त्यातून जसंच्या तसं दिसतं, आणि मग काही वर्षं तिथे पोहोचताही येत नाही. म्हणून दरपत्रक पाहताना मी कोटिंगच्या वर्षांकडे नंतर बघतो. आधी विचारतो की खालचं घासण्याचं काम किती तासांचं, गेज लावणार का, आणि लावला तर ते आकडे लिहून देणार का. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी चहा मागवला जातो.