नव्या लेखणीसाठी जुने धडे : राजूर, यवतमाळ आणि आपली मराठी

कथा-कविता लिहू पाहणारे आपले तरुण-तरुणी भेटले की दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, कसे लिहावे? दुसरा प्रश्न जरा दबक्या आवाजात येतो. कोणत्या भाषेत लिहावे? घरी अम्मी-अब्बांशी दखनी नाहीतर उर्दू, शाळा-कॉलेजात पुस्तकी मराठी, शेतावर आणि बाजारात वऱ्हाडी, अशा तीन-तीन बोलींत आमची विदर्भातली पोरे वाढतात. कागद पुढे घेतला की मात्र हात थबकतो. घरातला शब्द लिहिला तर 'हे मराठी नव्हे' असे कोणी म्हणेल काय, आणि पुस्तकी शब्द लिहिला तर तो आपला वाटेल काय, हा पेच त्यांच्यापुढे असतो.

लेखनाचे तंत्र शिकवणारी पुस्तके पुष्कळ आहेत. पण या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तंत्राच्या पुस्तकात सापडत नाही. ते इतिहासात सापडते, आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तरही बरेचसे तिथेच आहे. म्हणून आम्ही इथे उपदेशाऐवजी इतिहासच मांडणार आहोत. सुरुवात यवतमाळ जिल्ह्यातल्या राजूरपासून करू.

राजूरची साक्ष

यवतमाळ जिल्ह्यात राजूर नावाची गावे एकाहून अधिक आहेत. वणीजवळचे राजूर कोळशाच्या खाणीचे आणि चुन्याच्या भट्ट्यांचे. परप्रांतातून पोटासाठी आलेल्या कामगारांच्या वस्त्या तिथे आहेत. कळंब तालुक्यातले राजूर कापसाच्या मुलखातले. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षस्थानी अरुणा ढेरे होत्या. उद्घाटनासाठी इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण आयत्या वेळी मागे घेतले गेले. त्यावरून महाराष्ट्रभर वादळ उठले, अनेक साहित्यिकांनी संमेलनाकडे पाठ फिरवली. अखेर उद्घाटन झाले ते या कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांच्या हस्ते. त्या कोणी लेखिका नव्हत्या. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी, अंगणवाडीत मदतनीस म्हणून राबणारी बाई. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या 'तेरवं' या नाटकात त्यांनी काम केले होते. त्या नाटकात शेतकऱ्यांच्या विधवाच रंगमंचावर उभ्या राहिल्या होत्या.

सहगल यांना नाकारण्यात जे चुकीचे होते ते येडे यांना बोलावल्याने पुसले गेले नाही, हे आम्ही स्पष्टच म्हणू. निमंत्रण देऊन परत घेणे हे साहित्याच्या घराला शोभणारे नव्हते. पण त्या मांडवात येडे जे बोलल्या ते नव्या लेखकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अडचणीच्या वेळी दिल्लीची नव्हे, गल्लीतलीच बाई कामी येते, अशा अर्थाचे त्या बोलल्या, आणि ते वाक्य दुसऱ्या दिवशी सर्वतोमुखी झाले. त्यात एकही अलंकार नव्हता, जड शब्द नव्हता. जिने भोगले तिने आपल्या बोलीत सांगितले, एवढेच. विधवांना लेखक कधी काळी 'विषय' म्हणून वापरत. इथे विषयच बोलू लागला. लेखनाचा पहिला धडा आम्ही इथे पाहतो. दुसऱ्याच्या दुःखावर लिहायचे असेल तर आधी त्या माणसाला बोलू द्यावे आणि आपण ऐकावे.

दौत-कलम कोणाची?

आता भाषेकडे वळू. राजूरच्या एखाद्या शेतकऱ्याच्या मरणाची कथा कोणी लिहायला घेतली, तर तिला कोणते शब्द लागतील? हंगाम, खरीप, रब्बी, जमीन, कर्ज, हप्ता, नुकसान, जप्ती, जामीन, अर्ज, तहसील, दाखला. शेवटी पंचनाम्यात येणारा मयत, आणि त्याच्यामागे राहिलेले वारस. हे सारे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि शेकडो वर्षांत इतके मुरले की शेतकऱ्याच्या तोंडी ते केवळ मराठी आहेत. यांतला एकेक शब्द वगळून बघा, शेतकऱ्याची कथा सांगताच येणार नाही. लिहिण्याचे साहित्य घ्या. दौत, कलम, कागद, शाई, दफ्तर, मजकूर, या साऱ्यांचे मूळ तेच. ज्या शाहिराचा महाराष्ट्राला अभिमान आहे, तो शब्दही अरबी 'शाइर'वरूनच आला.

हे शब्द बाहेर काढण्याचे प्रयत्न मात्र पूर्वीपासून झाले. शिवकाळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यात दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली. तिच्यातली एक गोष्ट आमच्या तरुणांनी जाणून घ्यावी अशी आहे. माधव जूलियन म्हणजे डॉ. माधव त्र्यंबक पटवर्धन हे फारसीचे प्राध्यापक. फारसी-मराठी कोश त्यांनी १९२५ साली सिद्ध केला. 'छंदोरचना' लिहून मराठी छंदांचे शास्त्र मांडले. फारसी गझलेची वृत्ते मराठीत आणली, 'गज्जलांजलि' हा संग्रह दिला. १९३६ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. आणि याच कवीने पुढे 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून फारसी-अरबी शब्द टाळण्याचा पुरस्कार केला! रूप फारसीचे घ्यावे आणि शब्द मात्र नाकारावेत, ही विसंगती त्या काळाची होती. माधव जूलियनांचे ऋण आम्ही मानतोच. पण त्यांच्या या उदाहरणातून एक गोष्ट दिसते. कोश करून शब्द घालवता येत नाहीत, कारण ते लोकांच्या व्यवहारात रुजलेले असतात.

आमच्यातही याच्या उलट एक चूक होते. काही नवे कवी मराठी कवितेत उर्दूचे जड शब्द मुद्दाम पेरतात. आपण मुसलमान आहोत हे प्रत्येक ओळीत दिसावे असे त्यांना वाटते. तेही शुद्धीकरणाचेच दुसरे रूप. शब्द पात्राच्या तोंडी सहज येत असेल तर ठेवावा. ओळख दाखवण्यासाठी आणलेला असेल तर खुशाल काढावा.

संतांपासून शाहिरांपर्यंत

मराठीत लिहिणे ही मुसलमानांची नवी हौस नव्हे. श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकातले. चांद बोधले त्यांचे गुरू. 'योगसंग्राम' हा त्यांचा ओवीबद्ध ग्रंथ १६४५ साली पूर्ण झाला. 'पवनविजय' आणि 'निष्कलंकप्रबोध' हेही त्यांचेच. बिदरचे मुंतोजी, गीतेवर 'अंबरहुसेनी' टीका लिहिणारे हुसेन अंबरखान, अठराव्या शतकाच्या अखेरीस 'सिद्धांतबोध' रचणारे शहामुनी, ही मालिका मोठी आहे. या सर्वांनी ओवी स्वीकारली. का? ती लोकांच्या तोंडी होती म्हणून. जात्यावरच्या बाईला जो छंद येतो तोच त्यांनी तत्त्वज्ञानासाठी वापरला. नव्या कवीने यातून घ्यायचे ते हे की, रूप निवडताना आपला ऐकणारा कोण आहे हे आधी ठरवावे.

संतांनंतर शाहीर आले. पेशवाईच्या उत्तरकाळात सगनभाऊ हे शिकलगार घराण्यातले मुसलमान शाहीर. त्यांच्या लावण्या आणि पोवाडे घरोघरी पोहोचले. विसाव्या शतकात बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल म्हणजे आपले शाहीर अमर शेख (१९१६–१९६९). मोटारीवर क्लीनर, मग गिरणी कामगार, मग संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा आवाज. आई मुनेरबीच्या तोंडची लोकगीते हाच त्यांच्या गाण्याचा पाया होता. लेखनाचे वर्ग त्यांना कोणी चालवून दिले नव्हते. वर्ग होता तो आईच्या गळ्यात आणि कामगारांच्या सभेत. त्यांची कन्या मल्लिका अमर शेख यांनी पुढे कविता लिहिली आणि १९८४ साली 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मकथन लिहून घराच्या चार भिंतींतले सत्य उघड मांडले.

गझलेची बाराखडी

आमच्या विदर्भात नवोदितांना रीतसर शिकवण्याचे एक ठळक उदाहरण आहे. अमरावतीचे सुरेश भट (१९३२–२००३) यांनी मराठी गझल लोकांत नेली. पण केवळ स्वतः लिहून ते थांबले नाहीत. 'गझलेची बाराखडी' नावाची छोटी पुस्तिका त्यांनी तयार केली, ती नव्या कवींना दिली आणि कित्येकांशी पत्रव्यवहार ठेवला. मतला म्हणजे काय, काफिया आणि रदीफ कसे सांभाळायचे, प्रत्येक शेर स्वतंत्र कविता का असावी लागते, वृत्त कुठे मोडते, हे त्यांनी सोप्या मराठीत समजावले. आपल्या घरांत मुशायऱ्याच्या निमित्ताने हे शब्द कानांवरून जातच असत. भटांनी त्यांना मराठीत बसवले. कोकणात दापोलीचे बदीउज्जमा खावर यांनी उर्दू आणि मराठी दोन्हींत गझल लिहून हाच पूल दुसऱ्या काठाकडून बांधला.

बाराखडीतला मोठा बोध शिस्तीचा आहे. गझल येत नाही म्हणून 'मुक्तछंद' म्हणणे आणि मुक्तछंद साधत नाही म्हणून यमके जुळवणे, या दोन्ही पळवाटा आहेत. नियम मोडायचा हक्क नियम पाळून दाखवणाऱ्यालाच असतो. एका मतल्यावर महिनाभर बसायची तयारी नसेल, तर गझलेच्या वाटेला जाऊ नये.

कथेला माणूस लागतो

गद्याची गोष्ट त्याहून जुनी. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी रिद्धपूरला, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यात, 'लीळाचरित्र' सिद्ध केले. चक्रधरांच्या आठवणी ज्यांना ठाऊक होत्या त्यांना विचारून, तपासून, पाठभेदांसह त्यांनी त्या नोंदवल्या. मराठी गद्याची सुरुवात अशी ऐकण्या-विचारण्यातून झाली. याच महानुभाव वाङ्मयाचे नामवंत अभ्यासक डॉ. यू. म. पठाण १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. प्रा. फकरुद्दीन बेन्नूर आणि त्यांचे सहकारी या चळवळीत अग्रभागी होते. मोठ्या मांडवात आपला माणूस अध्यक्षस्थानी आणि तरीही वेगळ्या मांडवाची गरज, या दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या. एक सन्मान सगळ्या समाजाच्या जगण्याला जागा मिळवून देत नाही, हे त्यातून कळते.

ते जगणे कथेत कसे आणायचे? हमीद दलवाईंच्या सामाजिक मतांविषयी आपल्यात मतभेद राहिले आणि आहेत. पण कथाकार दलवाई वाचल्याशिवाय नव्या लेखकाने कथा लिहू नये, असे आम्ही म्हणू. १९६५ सालच्या 'इंधन' कादंबरीत कोकणातले एक खेडे येते. तिथले मुसलमान देवदूत नाहीत आणि राक्षसही नाहीत. ते मत्सर करतात, प्रेम करतात, जुन्या वैरात अडकतात. वऱ्हाडात उद्धव शेळके यांनी 'धग' (१९६०) मध्ये एका शिंप्याच्या कुटुंबाची वाताहत वऱ्हाडी बोलीत लिहिली आणि कौतिक ही बाई मराठी वाचकाच्या कायमची मनात बसली. बोली वापरल्याने कादंबरी लहान झाली नाही. बुलडाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याचे अजीम नवाज राही आपल्या कवितेत याच मुलखातले रोजचे व्यवहार, बाजार आणि माणसे आणत आले आहेत.

आपल्या नवोदितांच्या कथांत मात्र अजून वारंवार भेटतो तो 'आदर्श मुसलमान'. तो दंगलीत हिंदू शेजाऱ्याचा जीव वाचवतो आणि शेवटी स्वतः मरतो. अशी माणसे असतात, त्यांना आमचा सलाम. पण कथेत तो पुनःपुन्हा येतो तेव्हा लेखक समाजाचे वकीलपत्र घेऊन उभा आहे असे वाटू लागते. वकिलाला आपल्या पक्षकाराचे दोष झाकावे लागतात. कथाकाराने ते झाकले की पात्र निर्जीव होते. राजूरच्या खाणीतला मुसलमान कामगार पगाराच्या दिवशी काय करतो, घरी बायकोशी कसे बोलतो, मुलीचे शिक्षण का थांबवतो, हे लिहिणे कठीण आहे. पण तेच लिहायला हवे.

मग आरंभ कुठून करावा?

वरच्या इतिहासातून जे निघते ते थोडक्यात सांगतो. रोज थोडे तरी लिहावे, आणि त्याआधी रोज थोडे ऐकावे. आजीच्या तोंडचे लग्नगीत, शेतातल्या मजुराची तक्रार, दर्ग्याच्या उरुसातली बोलाचाली, तारखेसह वहीत नोंदवून ठेवावी. म्हाइंभटांनी हेच केले होते. पात्र ज्या बोलीत बोलते तीच त्याच्या तोंडी ठेवावी आणि निवेदन वाचकाला सहज कळेल असे करावे. मोठ्याने वाचून पाहावे. वाचताना जीभ अडखळली तर वाक्यात दोष आहे. लिहिलेले महिनाभर बाजूला ठेवून मग खोडावे. पहिल्या वाचकाने वाहवा केली तर आनंद मानावा, पण दुरुस्ती सुचवणाऱ्याचे पाय धरावेत. आणि मराठी, उर्दू, दोन्हींतले वाचत राहावे. एकाच भाषेचा लेखक होण्याची सक्ती आपल्यावर कोणी केलेली नाही.

मुलींसाठी एक शब्द वेगळा. मेहरुन्निसा दलवाई यांचे 'मी भरून पावले आहे' हे आत्मकथन १९९५ साली आले. आपल्या घरांत अशी कितीतरी आत्मकथने न लिहिता दफन झाली आहेत. वैशाली येडे लाखोंच्या वतीने बोलल्या, पण बोलल्या स्वतःच्या तोंडाने. राजूरची, वणीची, पुसदची, उमरखेडची एखादी सलमा किंवा शबाना आपली हकिकत आपल्या हातांनी लिहील, तेव्हा तिला भाषेची परवानगी कोणाकडून मागायची गरज नाही. दौत-कलम तिचीच आहे, चारशे वर्षांपासून.