अक्षर कुणी उमटवायचं?

कळ दाबली की पडद्यावर अक्षर उमटतं. ते समोरच्या यंत्राने उमटवलं की पलीकडच्या संगणकाने, असा प्रश्न आज कुणाला पडत नाही. 1970च्या दशकात तो पडत होता, आणि त्याच्या उत्तरावर पैसा, वेळ आणि पासवर्डची गुप्तता अवलंबून होती. टर्मिनल एका गावात आणि संगणक दुसऱ्या देशात असला, की मधल्या पॅकेट-जाळ्याला आधी काही गोष्टी सांगाव्या लागत. अक्षराचा पडसाद, म्हणजे इको, कुणी द्यायचा? टाइप केलेलं पुढे कधी धाडायचं? ओळ संपली हे कशावरून ओळखायचं? या सेटिंग्जची गोष्ट एरवी तंत्रज्ञांच्या अडगळीत पडून असते. मला ती अधिकारवाटपाची गोष्ट वाटते. टर्मिनल आणि संगणक यांच्यामध्ये बांध कुठे घालायचा याचा तो वाद होता, आणि शेताच्या बांधासारखंच इथेही, बांध कुठे पडला हे जमिनीपेक्षा मोजणीला कोण आलं होतं त्यावर ठरलं.

अमेरिकेतल्या अर्पानेटवर सुरुवातीला फक्त संगणक जोडलेले होते. ज्यांच्याकडे स्वतःचा संगणक नाही त्यांनाही जाळ्यावर येता यावं म्हणून बोल्ट बेरानेक अँड न्यूमन या कंपनीने 1971मध्ये टिप नावाचं यंत्र आणलं. हनीवेल 316वर बेतलेलं हे यंत्र 63 टर्मिनलं सांभाळू शके. टर्मिनलवरचं प्रत्येक अक्षर टिपच्या हातून जाई. मग त्यातलं टिपला उद्देशून कुठलं आणि दूरच्या संगणकासाठी कुठलं, हे कळायचं कसं? त्यासाठी '@' राखून ठेवलं होतं. इको दूरचा हवा की जवळचा, पाठवणी दर अक्षराला करायची की ओळ संपल्यावर, हे सगळं @ दाबून मग सांगायचं. खरंच @ पाठवायचं असेल तर ते दोनदा दाबायचं. नेमक्या त्याच वर्षी, त्याच कंपनीत, रे टॉमलिन्सन यांनी ई-मेलच्या पत्त्यासाठी हेच चिन्ह निवडलं. आणि मल्टिक्स प्रणालीत तर @ दाबलं की टाइप केलेली अख्खी ओळ रद्द होई. बिचाऱ्या एका चिन्हाला तीन धनी.

अर्पानेटचा खर्च अमेरिकेचं संरक्षण खातं सोसत होतं. सार्वजनिक जाळी आली तेव्हा मीटर पडू लागला. अमेरिकेत टेलेनेट 1975मध्ये, फ्रान्समध्ये ट्रान्सपॅक 1978च्या डिसेंबरात, ब्रिटनमध्ये पीएसएस 1981मध्ये सुरू झालं. युरोपातल्या जाळ्यांवर आकारणी साधारणपणे 64 बाइटच्या सेगमेंटवर होई. आत एकच अक्षर असलं तरी सेगमेंट पूर्ण धरला जाई. रिक्षात बसून गल्लीच्या तोंडाशी उतरलात तरी पहिल्या टप्प्याचं भाडं द्यावंच लागतं, तसंच. आता इको दूरच्या संगणकाने द्यायचा ठरवला तर काय होतं बघा. दाबलेलं प्रत्येक अक्षर एका पॅकेटात बसून निघतं. त्या एका बाइटच्या डोक्यावर 3 बाइटचं पॅकेटचं शीर्षक, त्याबाहेर फ्रेमचं वेष्टण. तिकडून तेच अक्षर दुसऱ्या पॅकेटातून परत येतं आणि तेव्हा कुठे कागदावर किंवा पडद्यावर दिसतं. दहा अक्षरी शब्दाला वीस पॅकेटं. मध्ये उपग्रह असला तर प्रत्येक अक्षर अर्धा सेकंद उशिरा. तेच अक्षर जवळच्या यंत्राने उमटवलं आणि ओळ पुरी झाल्यावर एकदम धाडली, तर पॅकेट एक.

हे जवळचं यंत्र म्हणजे पॅड: अक्षरं गोळा करून त्यांची पॅकेटं बांधणारं आणि आलेली सोडणारं. दूरसंचार खात्यांच्या जिनिव्हातल्या समितीने, सीसीआयटीटीने, 1976मध्ये एक्स.25 हा पॅकेट-जाळ्याचा करार मंजूर केला आणि पुढच्याच वर्षी पॅडसाठी एक्स.3, एक्स.28 आणि एक्स.29 ही तीन कलमं आणली. एक्स.3 म्हणजे निव्वळ आकड्यांचं कोष्टक. 1984पर्यंत ते 22 नोंदींचं झालं. दुसऱ्या क्रमांकावर इको, तिसऱ्यावर कुठल्या अक्षराला पॅकेट सुटेल ते, चौथ्यावर किती वेळ काही न दाबल्यास पॅकेट सुटेल ते, एका सेकंदाच्या विसाव्या भागात. 'सेट 2:0, 3:2' असं टाइप केलं की इको बंद, आणि पाठवणी फक्त एंटरला. टर्मिनलवर बसलेल्या माणसाने ही आज्ञा कशी द्यायची ते एक्स.28 सांगे. दूरच्या संगणकाने तेच आकडे कसे बदलायचे ते एक्स.29 सांगे. त्यासाठी पॅकेटच्या शीर्षकात एक बिट होता. तो 1 असला की आतला मजकूर माणसासाठी नसून पॅडसाठी आहे असं समजायचं. कोष्टक एक आणि ते बदलणारे दोघे, आणि ज्याने शेवटी बदललं त्याचं खरं. पासवर्ड विचारण्याआधी संगणकाने पॅडला इको बंद करायला सांगायचं. पण तो निरोप पोचण्याआधीच घाईच्या माणसाने पासवर्ड टाइप केला तर पॅड तो इमानेइतबारे उमटवून मोकळा होई.

यावर कुणी म्हणेल, यात कसलं आलंय राजकारण. टर्मिनलं नाना तऱ्हेची, तारा हळू, म्हणून सेटिंग्ज लागली. अर्धं म्हणणं खरं आहे. नवव्या नोंदीत ओळ संपल्यावर भरताड अक्षरं किती घालायची ते असे, कारण टेलिटाइपचं कॅरेज डाव्या टोकाला परतेपर्यंत आलेली अक्षरं भलतीकडेच छापली जात. दहावी लांब ओळ मोडण्याची. ही यंत्रांची गरज होती, आणि टेलिटाइप गेले तशी तीही गेली. इकोचं तसं नाही. त्याच प्रश्नाला अर्पानेटच्या मंडळींनी 1973मध्येच टेलनेट या, दूरच्या संगणकावर काम करण्याच्या आपल्या नियमावलीच्या (वरचं टेलेनेट जाळं वेगळं) नव्या रूपात वेगळं उत्तर दिलं होतं. तिथे जाळ्याच्या मालकीचं कोष्टक नव्हतं. दोन्ही टोकांनी एक साधं काल्पनिक टर्मिनल गृहीत धरायचं आणि त्यापलीकडचं बोलणी करून ठरवायचं: 'मी इको देतो', 'दे' किंवा 'नको'. काही सुरू करायला समोरच्याचा होकार हवा. बंद करायला सांगितलं तर मात्र ऐकावंच लागे. तारा त्याच, टर्मिनलं तीच. एकीकडे संगणकवाले आपसात बसून ठरवत होते, तर दुसरीकडे तारांची मक्तेदारी हाती असलेली खाती, आणि म्हणून त्यांनी आकडे आपल्या पेटीत ठेवले. खात्यांच्या बाजूने एवढं मान्य करायला हवं, की त्यामुळे पॅड स्वस्त झाले आणि एका देशात शिकलेली आज्ञा दुसऱ्या देशातही चाले.

दुसरा आक्षेप असा, की बहुतेकांना हे आकडे ठाऊकच नव्हते. टिमनेट या दुसऱ्या सार्वजनिक जाळ्यावर टर्मिनलची ओळख म्हणून 'ए' दाबायचं, टेलेनेटवर 'टर्मिनल=' दिसलं की 'डी1' लिहायचं, आणि कामाला लागायचं. पण वापरणारा सहसा बदलत नाही म्हणूनच आधी भरून ठेवलेल्या आकड्याला वजन येतं. एक्स.3च्या ठरीव साध्या संचात दुसरी नोंद 1 होती. म्हणजे कुणी काही सांगितलं नाही, तर इको पॅडचा.

पुढे तारा वेगवान झाल्या, सेगमेंटचा मीटर गेला, आणि बांध निमूटपणे संगणकाच्या बाजूने सरकला. आज दूरच्या सर्व्हरवर लॉगिन केलं तर सहसा प्रत्येक अक्षर तिथे जाऊन परत येतं. रेल्वेत नेटवर्क अडखळलं की हे लगेच जाणवतं. 2012मध्ये एमआयटीतून मॉश नावाचा प्रोग्रॅम आला. तो अंदाजाने अक्षर जागच्या जागी दाखवतो आणि, जोडणी फारच रेंगाळत असली तर, सर्व्हरकडून दुजोरा येईपर्यंत त्याखाली रेघ ओढून ठेवतो.