राजकारणाच्या तीन शाळा

पदवी परीक्षेसाठी राज्यशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याला घरीदारी एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो: हे शिकून पुढे काय? वैद्यकाच्या किंवा स्थापत्याच्या विद्यार्थ्याला तो कोणी विचारीत नाही. कारण त्या शिक्षणाच्या अखेरीस एक ठराविक व्यवसाय वाट पाहत असतो. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यासमोर मात्र सबंध राज्यव्यवहार पसरलेला असतो, आणि त्यात शिरावे कोठून हे पदवीच्या कागदावर लिहिलेले नसते. मग तो आपल्या प्राध्यापकांकडे जातो. प्राध्यापक त्याला तीनचार नावे सांगतात: स्पर्धा परीक्षा, वकिली, अध्यापन, वृत्तपत्र. हा सल्ला चुकीचा नसतो, परंतु तो अपुरा असतो. विद्यार्थी वाट विचारीत असतो आणि त्याला मुक्कामांची यादी मिळते.

हा प्रश्न आजकालचा नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून तो या देशात गंभीरपणे विचारला गेला आहे, आणि पुणे, लाहोर व मुंबई या तीन नगरांत तीन थोर पुरुषांनी त्याचे उत्तर म्हणून तीन शाळा काढल्या. त्या शाळांना विद्यापीठाची मान्यता नव्हती आणि त्यांच्यापैकी कोणतीही पदवी देत नव्हती. तरीही राजकारणाचे शिक्षण म्हणजे काय, आणि त्या शिक्षणात मार्गदर्शकाचे काम कोणते, याचा विचार करू पाहणाऱ्याने त्यांचा इतिहास डोळ्यांखालून घालावा असा आहे.

1857 साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली. त्यांच्या पदवीधरांना राज्यशास्त्राची तोंडओळख इतिहास आणि अर्थशास्त्र यांच्या आडोशाने होई. मिल, बर्क यांचे ग्रंथ वाचून तरुणाच्या मनात स्वातंत्र्याची आणि प्रातिनिधिक राज्यपद्धतीची कल्पना रुजे. पण त्या कल्पनेला प्रत्यक्षात कोठेच जागा नव्हती. सनदी नोकरीची परीक्षा 1855 पासून लंडनमध्ये होई आणि 1878 पासून काही वर्षे तिची कमाल वयोमर्यादा अवघी 19 वर्षांची होती. येथे पदवी घेईपर्यंत तेथील दरवाजा बंद होण्याची वेळ येई. उरली ती दुय्यम सरकारी नोकरी, वकिली किंवा मास्तरकी.

गोपाळ कृष्ण गोखले 1884 साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झाले तेव्हा त्यांच्यासमोर याच वाटा होत्या. त्यांनी शिक्षकाची वाट धरली. पण त्यांचे खरे शिक्षण पदवीनंतर सुरू झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या सहवासात ते आले, आणि 1901 साली रानडे निवर्तेपर्यंत सुमारे चौदा वर्षे हे शिष्यत्व टिकले. रानड्यांनी या तरुणाला कोणते पद मिळवून दिले, हे शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. त्यांनी त्याला काम दिले. सरकारी अहवाल, अंदाजपत्रके, जमीनमहसुलाचे आकडे आणि दुष्काळासंबंधीचे कागद वाचावयाचे, त्यांचे सार काढावयाचे, त्यावरून सार्वजनिक सभेच्या वतीने अर्ज लिहावयाचा आणि तो रानड्यांच्या नजरेखालून गेला की पुन्हा लिहावयाचा, असा तो अभ्यासक्रम होता.

या अर्जांना सरकारकडून उत्तर बहुधा येत नसे. एवढे कष्ट करून उपयोग काय, अशी शंका गोखल्यांनी एकदा बोलून दाखविली. त्यावर रानड्यांनी त्यांची जी समजूत घातली ती गोखल्यांनी जन्मभर जपली. हे अर्ज नावापुरते सरकारला उद्देशून असतात, खरे पाहता ते लोकांसाठी आहेत, अशा प्रश्नांचा विचार कसा करावा हे लोकांना कळावे यासाठी आहेत, असा त्या बोलण्याचा आशय होता. राजकारणाच्या विद्यार्थ्याला याहून मोलाचा सल्ला क्वचितच कोणी दिला असेल.

या शिक्षणाची कसोटी लवकरच लागली. 1897 साली वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले इंग्लंडला गेले. रानडे आणि आकडेशास्त्राचे जाणकार गणेश व्यंकटेश जोशी यांच्या साह्याने तयार केलेली ती साक्ष उलटतपासणीतही ढळली नाही. परंतु त्याच मुक्कामात, पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तातील सैनिकांच्या वर्तनाविषयी पत्रांतून आलेल्या बातम्यांवर विसंबून त्यांनी जाहीर आरोप केले. परत आल्यावर त्यांना पुरावा उभा करता आला नाही आणि सरकारची बिनशर्त क्षमा मागावी लागली. त्यांच्यावर चोहीकडून टीकेचा भडिमार झाला. एकाच माणसाची एकाच वर्षातील ही दोन विधाने आहेत. एक कागदपत्रांवर उभे होते म्हणून टिकले. दुसरे ऐकीव होते म्हणून कोसळले. 26 मार्च 1902 रोजी वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर त्यांनी केलेले भाषण गाजले त्यामागे हे दोन्ही धडे होते. सरकारी तिजोरीतील शिल्लक ही देशाच्या समृद्धीची खूण नसून करांच्या अवाजवी ओझ्याची खूण आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखविले.

स्वतःला जे योगायोगाने लाभले ते इतरांना योजनेने लाभावे, या हेतूने गोखल्यांनी 12 जून 1905 रोजी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन हे त्यांचे पहिले सहकारी. समाजाच्या नियमांप्रमाणे नव्या सभासदाला पाच वर्षांची उमेदवारी करावी लागे. त्यांपैकी तीन वर्षे पुण्यातील वास्तूत ग्रंथालयाच्या सान्निध्यात अध्ययन करावयाचे आणि दोन वर्षे देशाच्या निरनिराळ्या भागांत हिंडावयाचे. वेतन निर्वाहापुरते असे. स्वतःसाठी द्रव्यार्जन न करण्याची आणि जातिधर्मभेद न मानता सर्व भारतीयांना बंधू समजण्याची प्रतिज्ञा घ्यावी लागे. पुस्तक आणि प्रवास यांची ही सांगड हा या शाळेचा विशेष होय. 1915 साली दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या गांधीजींनाही गोखल्यांनी हाच सल्ला दिला: एक वर्ष देश पाहावा, ऐकावे, आणि सार्वजनिक प्रश्नांवर बोलू नये. गांधीजी समाजाचे सभासद झाले नाहीत, पण त्यांनी हा सल्ला पाळला.

या शाळेतून बाहेर पडलेल्यांची कामे पाहिली म्हणजे ‘पुढे काय’ या प्रश्नाचे उत्तर किती प्रकारचे असू शकते ते ध्यानात येते. मद्रासेतील शिक्षकी सोडून 1907 मध्ये आलेले श्रीनिवास शास्त्री पुढे दक्षिण आफ्रिकेत भारत सरकारचे प्रतिनिधी झाले. नारायण मल्हार जोशी यांनी मुंबईच्या कामगारवस्तीत सोशल सर्व्हिस लीग उभारली. मुंबई महापालिकेतील अभियंत्याची नोकरी सोडून आलेले ठक्करबाप्पा दाहोदच्या भिल्लांमध्ये राहिले. हृदयनाथ कुंझरू राज्यपुनर्रचना आयोगाचे सदस्य झाले. शिवाय त्यांच्या पुढाकाराने 1943 मध्ये जागतिक घडामोडींच्या अभ्यासासाठी दिल्लीत परिषद स्थापन झाली आणि तिच्याच आश्रयाने 1955 मध्ये आंतरराष्ट्रीय अभ्यासाची स्वतंत्र शिक्षणसंस्था निघाली. ती पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. परराष्ट्रनीतीचा अभ्यास करू इच्छिणारे विद्यार्थी आज देशभरातून तेथे जातात. यांपैकी बहुतेक जागा या माणसांच्या आधी अस्तित्वात नव्हत्या. कामाची गरज त्यांना दिसली आणि जागा मागाहून निर्माण झाली.

1920 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत ना. म. जोशी प्रभृतींनी अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरविले, तेव्हा त्याचे अध्यक्ष लाला लजपतराय होते. 1905 मध्ये काँग्रेसचे प्रतिनिधी म्हणून ते गोखल्यांबरोबर इंग्लंडला गेले होते, पण पिंड निराळा होता. त्यांनी लाहोरमध्ये जी राजकारणाची शाळा काढली तिला लोकमान्य टिळकांचे नाव दिले. टिळक नुकतेच, 1 ऑगस्ट 1920 रोजी, निवर्तले होते. मराठी मुलखातील एका नेत्याचे नाव पंजाबातील शाळेला मिळावे, ही त्या काळच्या राष्ट्रीय भावनेची खूण आहे. असहकाराच्या चळवळीने सरकारी महाविद्यालये सोडलेल्या तरुणांना या शाळेत राजकारण, अर्थकारण आणि इतिहास शिकावयास मिळे. लालाजींच्या स्वतःच्या ग्रंथसंग्रहातून उभे राहिलेले द्वारकादास ग्रंथालय त्यांना खुले होते. याच उपक्रमातून 1921 साली लोकसेवक मंडळ स्थापन झाले.

काशी विद्यापीठातून 1926 साली ‘शास्त्री’ ही पदवी घेऊन बाहेर पडलेल्या लालबहादुर नावाच्या तरुणाला या मंडळाने काम दिले. मुझफ्फरनगरच्या बाजूस अस्पृश्यतानिवारणाच्या कार्यापासून त्यांचा प्रारंभ झाला, आणि 1964 मध्ये ते देशाचे पंतप्रधान झाले. बलवंतराय मेहता हेही याच मंडळाचे आजीव सभासद. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1957 मध्ये गाव, गट आणि जिल्हा अशा तीन पायऱ्यांच्या लोकसत्ताक कारभाराची शिफारस केली. 2 ऑक्टोबर 1959 रोजी राजस्थानात नागौर येथे त्या योजनेचा आरंभ झाला, आणि 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. एका शाळेत शिकलेला विद्यार्थी पुढे लक्षावधी लोकांसाठी कारभाराची शाळा उघडून देतो, याचे हे उदाहरण आहे.

या दोन्ही शाळांच्या गौरवात एक उणीव झाकून ठेवता येणार नाही. त्यागाची प्रतिज्ञा घेण्यासाठी त्यागण्याजोगे काही असावे लागते. ज्याच्या मागे घराण्याची विद्या नव्हती, ज्याला गावच्या विहिरीवर पाणीही मिळत नव्हते, त्याच्यासाठी ‘पुढे काय’ हा प्रश्न वेगळाच होता. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे प्रा. सेलिग्मन यांच्यासारखा मार्गदर्शक त्यांना लाभला. पुढे लंडनच्या अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र यांच्या विख्यात शाळेत त्यांनी प्रवेश घेतला. शिष्यवृत्तीच्या करारानुसार 1917 मध्ये ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. परंतु त्या सबंध शहरात त्यांना राहावयास खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत घेतलेला आसरा लोकांनी लाठ्या घेऊन सोडावयास लावला. जगातील दोन श्रेष्ठ विद्यापीठांत शिकलेला हा राज्यशास्त्राचा विद्यार्थी मुंबईस परतला. विद्या होती, गुरू होते, पदही होते. समाजाने दार मात्र उघडले नाही. विद्यार्थ्याच्या भवितव्याचा विचार केवळ त्याच्या गुणांवरून करणाऱ्या प्रत्येक सल्लागाराने ही घटना स्मरणात ठेवली पाहिजे.

राज्यघटनेने ते दार कायद्याने उघडले आणि प्रौढ मताधिकाराने प्रत्येकाला विधिमंडळाची वाट मोकळी झाली. पण वाट मोकळी होणे वेगळे आणि चालावयाचे बळ अंगी असणे वेगळे, हे घटनेच्या शिल्पकाराला पुरेपूर ठाऊक होते. जुलै 1956 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल शां. शं. रेगे यांना त्यांनी तेथे प्राचार्य नेमले. विद्यार्थी अवघे पंधरा होते. राजकारणाच्या शाळेची धुरा ग्रंथपालाच्या हाती असावी, यातच संस्थापकाची दृष्टी दिसून येते. 6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, आणि मार्च 1957 च्या सुमारास हे विद्यालयही थांबले. तीन शाळांपैकी ही सर्वांत अल्पायुषी ठरली. पण तिची गरज तेव्हाही सर्वांत मोठी होती आणि ती आजही भागलेली नाही.

तिन्ही शाळांत तीन गोष्टी समान आढळतात. प्रत्येक ठिकाणी ग्रंथालय मध्यभागी होते. प्रत्येक ठिकाणी अध्ययनाला प्रत्यक्ष लोकजीवनाशी जोडले होते. आणि प्रत्येक ठिकाणी आपल्या विद्यार्थ्यांसाठी वेळ देणारा एक ज्येष्ठ होता. विद्यार्थ्याला नोकरीची हमी यांपैकी कोणीही दिली नाही. तरीही या परंपरेत शिकलेल्यांना कामाची वाण पडल्याचे दिसत नाही.

आजच्या पदवीधराला त्या काळाहून कितीतरी अधिक क्षेत्रे खुली आहेत. सनदी सेवेची परीक्षा 1922 पासून भारतातही होऊ लागली, आणि स्वतंत्र भारताच्या केंद्रीय सेवांच्या परीक्षेत राज्यशास्त्र हा एक मान्य विषय आहे. 1992 च्या 73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्त्यांनी पंचायती व नगरपालिका यांना घटनात्मक स्थान दिल्यामुळे कारभाराचे क्षेत्र गावोगाव पोहोचले आहे. आमदार-खासदारांना विधेयकांचा अभ्यास करून देणारे साहाय्यक, धोरणांची छाननी करणाऱ्या संस्था, निवडणुकांचे अभ्यासक, वृत्तपत्रे, न्यायालये, परराष्ट्रसेवा, इतक्या ठिकाणी या विद्येची गरज लागते. परंतु अंदाजपत्रक वाचता येणे, ऐकीव आणि पुराव्याचे यांतील भेद ओळखणे, ज्या लोकांविषयी लिहावयाचे त्यांच्यात जाऊन राहणे, ही गोखल्यांच्या काळची पात्रता या सर्व क्षेत्रांत जशीच्या तशी लागू आहे.

म्हणून राज्यशास्त्राचा विद्यार्थी ‘पुढे काय’ असे विचारीत दाराशी आला, तर त्याच्या शिक्षकाने त्याला मुक्कामांची यादी अवश्य द्यावी. पण त्याआधी त्याच्या हाती आपल्या जिल्हा परिषदेचे चालू अंदाजपत्रक द्यावे, ते आठ दिवसांत वाचून त्यावर दोन पाने लिहून आणावयास सांगावे, आणि आणलेली पाने परत लिहावयास लावावीत. रानड्यांनी एका तरुण मास्तराच्या बाबतीत एवढेच केले होते.