कर्नलमधून काढून टाकलेली एक सेटिंग

लिनक्सच्या कर्नलमधल्या नेटवर्क सेटिंग्जपैकी आज एकीचाच इतिहास सांगतो, कारण तिच्यापायी मी स्वतः तोंडघशी पडलोय.

टीसीपी जोडणी संपली, तरी ती आधी बंद करणारं लिनक्स यंत्र तिची नोंद ६० सेकंद ठेवतं. वाटेत रेंगाळलेलं जुनं पॅकेट नव्या जोडणीत घुसू नये म्हणून. वर्दळीच्या सर्व्हरवर अशा नोंदी हजारोंनी साचतात. त्या लवकर पुसणारी सेटिंग म्हणजे ‘टीसीपी टीडब्ल्यू रीसायकल’. मुळात ती बंदच असे. पण सर्व्हर वेगवान करण्याच्या सल्ल्यांत ‘१ करा’ एवढंच लिहिलेलं सापडे.

निवृत्तीनंतर एका संस्थेचा सर्व्हर सांभाळताना मीही १ केलं. लगेच वसतिगृहातून तक्रारी. एकाचं पान उघडतं, शेजारच्याचं नाही. फौजेत न वाचता कशावर सही केली नाही, इथे केली!

गोम अशी, की ही सेटिंग चालू असताना कर्नल समोरच्या पत्त्याचा शेवटचा टाइमस्टॅम्प लक्षात ठेवी आणि त्याहून जुना आला की जोडणीची विनंती गुपचूप टाकून देई. नॅटमागचं अख्खं वसतिगृह मात्र एकाच पत्त्याने बाहेर पडतं आणि प्रत्येक यंत्राचा टाइमस्टॅम्प वेगळा.

पुढे ४.१० आवृत्तीत सुरक्षेसाठी दर जोडणीचा टाइमस्टॅम्प वेगळ्या आकड्यापासून सुरू होऊ लागला. मग या सेटिंगला आधारच उरला नाही. २०१७ मध्ये ४.१२ मधून ती काढली. जुन्या सल्ल्यांत ती ओळ अजून आहे.